ठरावाच्या फायलीतली अकरावी ओळ

ती सभा आजही आठवते, आणि आठवली की आजही माझं डोकं तापतं. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. डॉक्टरांनी रागावू नका म्हणून बजावलंय. पण असल्या गोष्टीवरही रागवायचं नसेल, तर राग ठेवायचा तरी कशासाठी?

बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी तेव्हा माझ्याकडे पोलीस ठाण्याचा कार्यभार होता. दुष्काळाचं सलग दुसरं वर्ष. नळाला पाणी कधी येईल याची कुणी खात्री देत नव्हतं. आज या पेठेतल्या बायका हंडे घेऊन नगरपरिषदेवर, तर उद्या त्या गल्लीतल्या. त्यामुळे सर्वसाधारण सभा असली की मुख्याधिकाऱ्यांचं पत्र यायचं, बंदोबस्त द्या. त्या दिवशी मी स्वतःच गेलो आणि सभागृहाच्या मागच्या दाराशी उभा राहिलो.

भिंतीवर गावाच्या विकास आराखड्याचा मोठा नकाशा लावला होता. पिवळा रंग राहण्याच्या जागेचा, जांभळा कारखानदारीचा. गावाबाहेर, जुन्या सार्वजनिक विहिरीभोवती एक पिवळा तुकडा होता. विहीर, जनावरांना पाणी पाजायचा हाळ आणि बेघरांची घरं, असं त्या जागेवर आरक्षण होतं. घरंही होती, चाळीसेक. बहुतेक ऊसतोड कामगारांची, काही मेंढपाळांची. हा तुकडा जांभळा करून एका सहकारी प्रक्रिया संस्थेला द्यायचा, असा विषय होता.

त्या संस्थेचा चेअरमन स्वतः नगरसेवक होता. आपल्याच संस्थेचा विषय निघाल्यावर माणसाने सभागृहाबाहेर जायचं असतं. हा गृहस्थ सगळ्यात जास्त वेळ बोलला.

"गावात एक कारखाना न्हाई. पोरं पुण्याला जाऊन हॉटेलात बश्या धुत्यात. किती दिवस नुसतं टँकरकडं बघत बसायचं? उद्योग आला की सगळं येतंय."

एक वयस्कर सदस्य म्हणाले, "तिथं लोकं राहत्यात. त्यांचं काय?"

चेअरमनने फाईल उंच धरली. "त्यांनीच संमती दिली हाय. जाहिरात दिली, हरकती मागवल्या, सुनावणी झाली. एकाची हरकत न्हाई. सगळ्यांचे अंगठे हायेत. माळावर जागा देणार आपण त्यांला."

सूचक उठले, अनुमोदक उठले, बाकं वाजली. ठराव सर्वानुमते मंजूर. आलेला चहा अजून गरम होता. खरं सांगायचं तर मीही मनात म्हटलं, बरं झालं, गावाचं भलं होईल. ते माघाचे दिवस होते. त्या चाळीसातल्या बहुतेक घरांना तेव्हा कुलपं होती, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. पोलीस असून आलं नाही, याची लाज मला आजही वाटते.

पाडवा झाला आणि ऊसतोडीच्या टोळ्या परतल्या. दोन दिवसांनी एक बाई दहा-बारा बायकांना घेऊन ठाण्यात आली. वय तिशीच्या आसपास, कपाळ मोकळं, उसाच्या पाचटाने दोन्ही हात चिरलेले. नवरा दोन वर्षांपूर्वी वारला होता. त्यानंतर ती भावाच्या शेजारी स्वतःचं खोपट घालून राहत होती. वस्तीत तिला सगळे आक्का म्हणत. मीही इथे तेच म्हणतो.

"साहेब, आमच्या हिरीला तारा ठोकल्यात. आन् हे बघा." तिने हातातला कागद पुढे केला. पंधरा दिवसांत जागा खाली करण्याची नोटीस होती. "आमी कावून उठायचं?"

अधिकारी बोलतात तसंच मी बोललो. "बाई, संमती तुम्हीच दिली आहे. सभेत माझ्या कानांनी ऐकलंय मी."

"कवा दिली?"

"पौषात. सुनावणी झाली तेव्हा."

 ती तिथेच फरशीवर बसली. "साहेब, पौषात आमी कारखान्यावर गेलतो. दसरा झाला की गाड्या भरल्या, त्या आत्ता आलो. मागं म्हातारी माणसं, तीबी आंधळी-पांगळी. सुनावणी कुणाची घेतली? कुत्र्यांची?"

अर्ज घेतला, ठाणे दैनंदिनीत नोंद केली आणि नगरपरिषदेत गेलो. बांधकाम विभागाच्या लिपिकाने मलाच रीतसर पत्र मागितलं. ते तिथेच बसून लिहिलं आणि ठरावाच्या सगळ्या फायलीची नक्कल घेतली. फाईल नमुनेदार होती. हरकती निरंक. सुनावणीची तारीख, वेळ, जागा नगरपरिषदेचं सभागृह, संमतीदार समक्ष हजर, मजकूर वाचून दाखवला, समजावून सांगितला, खाली अंगठे. बाहेर पडताना तिथला शिपाई माझ्या मोटारसायकलीपाशी आला आणि टायर बघितल्यासारखं करत म्हणाला, "साहेब, त्या दिवशी हॉलला कुलूप होतं. चावी माझ्याच खिशात होती. पण माझा जबाब घेऊ नका, मला लेकरं हायेत."

खबर पक्की होती, पण कागदावर येणार नव्हती. आणि अंगठ्यांची वेगळीच पंचाईत होती. आक्काने स्वतःचा ठसा निरखला आणि म्हणाली, "अंगठा माझाच दिसतोय. ही चीर बघा. पण ह्या कागदावर म्या न्हाई दिला."

मी तिला आणि तिच्या भावाला बसवून घेतलं आणि जमादारांना यादी मोठ्याने वाचायला सांगितली. आमचे जमादार पाटोद्याकडचे. त्यांचे आईवडील ऊस तोडतच म्हातारे झालेले. ते एकेक नाव वाचत होते आणि बहीणभाऊ माना डोलवत होते. अकराव्या ओळीशी जमादार थांबले. मी म्हटलं, वाचा. त्यांनी वाचलं. भावाचं नाव, आणि पुढे "व त्यांची पत्नी" म्हणून आक्काचं नाव.

भाऊ ताडकन उठला आणि बाहेर निघून गेला.  "परत वाचा," आक्का म्हणाली. जमादारांनी मान खाली घातली.

"परत वाचा म्हणते मी! सख्ख्या भावाची बायकू केली मला? कोणाच्या हातानं लिवलं हे?"

इतक्या वर्षांच्या नोकरीत मी पुष्कळ शिव्याशाप ऐकले, मारामाऱ्या पाहिल्या. पण त्या बाईचा तो आवाज वेगळा होता. तिचं घर काढून घेणारा कागद तिच्याच अंगठ्याने उभा होता, आणि वर तिच्या अब्रूची अशी माती केलेली. 

त्या वेळी जमादारांनी मला बाजूला घेतलं. "साहेब, ही नावं मतदार यादीतनं घेतलेली न्हाईत. त्यात बाईच्या पुढं तिच्या मेलेल्या नवऱ्याचं नाव असतंय. हिथं बघा, बाप्या-बाई, बाप्या-बाई, जोडीनं नावं. ही कोयत्याची यादी हाय."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. ऊसतोडीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. एक कोयता म्हणजे दोघांची जोडी. एकाने तोडायचं, दुसऱ्याने मोळ्या बांधून वाहायच्या. बहुतेक जोड्या नवरा-बायकोच्या असतात. पण त्या वर्षी आक्काची भावजय बाळंत होती, ती माहेरी राहिली. एकट्या विधवेला कुठला मुकादम टोळीत घेत नाही. म्हणून भाऊ आणि बहीण मिळून एक कोयता झाले. ही दोन नावं जोडीने लिहिलेली जगात एकच यादी होती. ती मुकादमाच्या खिशात असते.

हंगामाआधी मजुरांना उचल देताना मुकादम अंगठे घेतो. आक्काला विचारलं, यंदा ते कधी घेतले? ती लगेच म्हणाली, "दसऱ्याच्या आधी. दोन-दोन कागदांवर. एक माझा, एक कारखान्याचा म्हनला. दुसरा कोरा होता."

आधी लिपिकाला बोलावलं. सरकारी कागद हाताळणारा माणूस खोटं बोलताना "मी" म्हणत नाही. "सुनावणी घेण्यात आली." कोणी घेतली? "कार्यालयामार्फत घेण्यात आली." लोक कुठे बसले होते? "त्यांना बसवण्यात आलं." तासभर हेच चाललं. मग मी सांगितलं, ही सगळी टोळी त्या दिवशी दुसऱ्या जिल्ह्यात उसाच्या फडात होती, कारखान्याचं तसं लेखी उत्तर माझ्याकडे आलंय. तेव्हा त्याने पाणी मागितलं. पण यादी कुणी दिली, हे काही सांगेना.

मुकादम तर फारच निगरगट्ट. "त्यांनी अंगठे दिले, त्यांचं त्यांला म्हाईत. माझा काय संबंध?" चेअरमनच्या जिवावर तो खुर्चीत रेलून बसला होता.

शेवटी दोघांना समोरासमोर बसवलं. मी आवाज चढवला नाही. लिपिकाला म्हटलं, तुमच्या अक्षरातली अकरावी ओळ वाचा. त्याने सरळ वाचली. तो शहरातला माणूस. बाप्याच्या पुढे बाईचं नाव दिसलं की ती बायको, एवढंच त्याला ठाऊक. कोयता भावाबहिणीचाही असतो, हे त्याच्या गावीही नव्हतं.

मुकादम खुर्चीतून उठला. तोही त्यांच्यातलाच, त्यांच्याच भावकीतला. "अय, काय लिवलंस बे? बहीणभाऊ हायेत ते! माझ्या यादीत असलं काय लिवलेलं न्हवतं!"

जमादार जबाब लिहीत होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, "कोणच्या यादीत?"

 मुकादम खाली बसला आणि टॉवेलने तोंड पुसलं. त्यानंतर त्याने सगळं सांगितलं. कोरे अंगठे आणि टोळीची यादी त्याने चेअरमनच्या घरी नेऊन दिली होती. लिपिकाने तिथेच मजकूर भरला. संस्थेला जागेपेक्षा विहिरीचं पाणी हवं होतं. दुष्काळातही न आटलेली तालुक्याच्या गावची ती एकच विहीर होती. शेवटी मुकादम म्हणाला, "घरं उठणार हे मला म्हाईत होतं, साहेब. खोटं कशाला बोलू? पण तिला असं लिवतील हे म्हाईत न्हवतं." घरं उठवायला त्याची हरकत नव्हती, हेही मी जबाबात जसंच्या तसं घेतलं.

गुन्हा दाखल झाला. बनावट दस्तऐवज, फसवणूक, कट. चेअरमन वकील घेऊन आला आणि मलाच शिकवू लागला. "तुमी गावाच्या विकासाच्या आड येताय. कागद हापिसानं केला, मी फक्त विषय मांडला." मी म्हटलं, "विकास करायचा होता तर लोक गावात असताना विचारायचं होतं." माझा अहवाल वरिष्ठांमार्फत जिल्हाधिकाऱ्यांकडे गेला. आराखड्यातल्या बदलाला मंजुरी मिळाली नाही. नगरपरिषदेने पहिला ठराव रद्द केला. तेच सभागृह, तेच सदस्य, पुन्हा सर्वानुमते. एकालाही लाज वाटली नाही. विहिरीच्या तारा निघाल्या आणि वस्ती जागेवर राहिली.

आक्का ठाण्यात आली ती मात्र आनंदाने नव्हे. "साहेब, आता तो कागद फाडा." मी तिला सांगितलं, तो मुद्देमाल आहे, कोर्टात जाणार, जपून ठेवावा लागतो. "मंजे खोटं जपून ठेवणार?" ती म्हणाली. 

दोषारोपपत्र जाण्याआधी माझी धारूरला बदली झाली. चेअरमनचं नाव मी तपासात घेतलं होतं, ते पुढे गळलं. मुकादम आणि लिपिक दोघांवर खटला चालला. म्हणजे चालला असं कागदावर आहे. साक्षीच्या तारखा लागल्या त्या मार्गशीर्षात, पौषात, माघात. समन्स बजावणारा शिपाई वस्तीत जाई, दाराला कुलूप बघे आणि शेरा मारे, मिळून आले नाहीत. पुढे कधीतरी पुराव्याअभावी दोघे सुटले.

मला या प्रकरणाने एक गोष्ट शिकवली. सर्वानुमते हा शब्द कुठेही ऐकला की मी आधी विचारतो, यातले सर्व कोण, आणि त्या दिवशी ते होते कुठे? माणसाच्या गैरहजेरीचा फायदा गुन्हेगार घेतो, हे आम्हाला पहिल्या दिवसापासून शिकवतात. आम्ही स्वतः, आमची न्यायाची व्यवस्था, तीच गैरहजेरी त्याच माणसांच्या नावावर लावते, हे कुणी शिकवत नाही.

खटला चालू असताना आक्का मला एकदाच भेटली. दसरा नुकताच झाला होता, धारूरच्या घाटात आम्ही वाहनं तपासत होतो आणि ऊसतोडीचा एक ट्रक थांबला. वर संसाराची बोचकी, शेळ्या, माणसं. वरूनच हाक आली, "साहेब, तुमीच ना?" मी जवळ गेलो. काही दिवसांपूर्वी कळलं होतं, तिच्या साक्षीला येत्या पौषातली तारीख पडली होती. मला स्वतःचाच राग आला होता, तो मी तिच्यावर काढला. म्हटलं, "आक्का, तारखेला थांबायला नको का? तुम्हीच नसाल तर केस कशी टिकणार?"

ती चिडली नाही. डोक्यावरचा पदर सारखा करत शांतपणे म्हणाली, "तारीख उन्हाळ्यात लावा म्हणावं की त्यांला. उन्हाळ्यात आमी घरीच असतो."