डावीकडे वळणारी बोट

पाणीपुरवठ्याच्या पंपघरात त्यांना सगळे कानमास्तर म्हणत. रोज सकाळी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक पंपाच्या बेअरिंगवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटून ऐकायचं. आत बारीक खरखर सुरू झाली की हे बेअरिंग महिन्याभरात जाणार, हे ते छातीठोकपणे सांगत. बत्तीस वर्षांत त्यांचा शब्द खाली पडला नव्हता. म्हणून निवृत्तीचं वय झालं तरी साहेबांनी त्यांना दोन वर्षांची मुदतवाढ देऊ केली होती. साहेब खरं तर बेअरिंग तपासायचं यंत्र मागवणार होते. "मी असताना यंत्र कशाला?" असं कानमास्तर म्हणाले आणि साहेबांनी यंत्राचा कागद बाजूला ठेवला. आता मुदतवाढीच्या अर्जावर सही करून तो सोमवारी द्यायचा तेवढा बाकी होता.

एवढ्या मोठ्या कानाच्या माणसाला दोन हात लांबीच्या बोटीने कसं पाणी पाजलं, हे पुढे ते स्वतःच रंगवून सांगत. सांगताना स्वतःला होते त्याहून जरा जास्तच मूर्ख ठरवत, कारण त्याशिवाय ऐकणारे मोकळेपणी हसत नाहीत, असा त्यांचा अनुभव.

बोट त्यांनी स्वतः फळ्या तासून, घासून, रंगवून केली होती. एका इंजिनाची बोट साडूंनी तयारच विकत आणली होती, म्हणून यांच्या बोटीला दोन इंजिनं. शेजारीशेजारी बसवलेली, दोघांचे पंखे वेगळे. हातातल्या रिमोटची कांडी पुढे ढकलली की बोटीतल्या दोन छोट्या मोटरी दोन तारा ओढत आणि तारा दोन्ही इंजिनांचे थ्रॉटल, म्हणजे इंधनाच्या झडपा, उघडत. सगळी मेख तिथेच होती. दोन माणसांनी दोन बाजूंनी कॉट उचलावी आणि त्यातल्या एकाने भराभर चालावं, म्हणजे कॉट जशी फिरते, तशी बोटही फिरते. उजवं इंजिन जास्त धावलं तर ती डावीकडे वळते, डावं जास्त धावलं तर उजवीकडे.

साडू इंजिनाचे फेरे मोजणारं मीटर घेऊन आले. "मास्तर, हे वापरा. दोन मिनिटांत दोन्ही सारखी होतील."

"ते ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी," कानमास्तर म्हणाले.

त्यांची पद्धत साधी होती. मागच्या पडवीतल्या टेबलावर बोट ठेवायची, तिच्या मागे स्टूल घ्यायचं आणि दोन इंजिनांच्या मध्ये डोकं घालायचं. डावा कान डाव्या इंजिनाकडे, उजवा उजव्याकडे. जे दबकं वाजेल त्याची तार जरा ओढायची. दोन सूर मिळून एक झाले की स्क्रू आवळायचा. उजवं नेहमीच थोडं दबकं वाजे. ते त्याला थोडं जास्त उघडत.

पहिल्या रविवारी तळ्यावर बोट निघाली ती डावीकडे वळली, मोठा गोल घेतला आणि परत येऊन त्यांच्या पायाशी थांबली.

"पाळलेली दिसते," साडू म्हणाले. "मालकाला सोडून जात नाही."

कानमास्तरांनी हसण्यावारी नेलं आणि घरी येऊन कामाला लागले. दोष कसा शोधायचा हे त्यांनी पंपघरात कितीतरी जणांना शिकवलं होतं: एकेक वस्तू जागेवरून हलवायची, ज्या वस्तूबरोबर दोष हलेल ती खराब. त्यांनी उजवं इंजिन डावीकडे नेलं, डावं उजवीकडे आणलं, पुन्हा सूर लावले. बोट डावीकडे. मोटरी बदलल्या. डावीकडे. सुकाणू काढून नवं बसवलं. डावीकडे. मग त्यांनी वाऱ्याला दोष दिला, आणि वारा पडला तेव्हा तळ्याला.

"या तळ्याचं पाणीच एका अंगाला ओढतं," ते बायकोला म्हणाले.

"साडूंची बोट बरी सरळ जाते त्याच पाण्यातून!"

यावर त्यांनी उत्तर दिलं नाही. ती त्यांच्या उजव्या बाजूला उभी होती.

चौथ्या रविवारच्या आदल्या दिवशी पडवीला रंग द्यायचा होता. बायकोने टेबल फिरवून भिंतीला लावलं, बोटीची मागची बाजू भिंतीकडे गेली. मग कानमास्तर बोटीच्या पुढून वाकले, तोंड इंजिनांकडे करून, आणि सूर लावले. दुसऱ्या दिवशी बोट पाण्यात सोडली तर ती उजवीकडे वळली.

साडूंनी टाळ्या वाजवल्या. "प्रगती आहे, मास्तर! आता दुसरीकडूनही परत येते!"

कानमास्तर हसले नाहीत. ते काठाच्या पायरीवर बसले. तीन आठवडे त्यांनी सगळं हलवलं, दोष हलला नाही. काल बोटीतलं काहीच हलवलं नव्हतं. हलले होते ते स्वतः.

त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून डाव्या कानाला लावलं. टिकटिक स्वच्छ. उजव्या कानाला लावलं. कापसाचा बोळा घातल्यासारखं शांत. त्यांनी आधी घड्याळ झटकलं. बंद पडलं असेल, असं वाटलं त्यांना. बत्तीस वर्षांचा अनुभव!

"उजवीकडून बोललं की तुम्ही ओ देत नाही, हे मला दोन वर्षांपासून ठाऊक आहे," सोबत आलेली बायको त्यांच्या डाव्या बाजूला बसत म्हणाली. "मला वाटायचं मुद्दाम करता."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं. उजवीकडून सांगितलं असेल."

साडू एवढे मोठ्याने हसले की काठावरचे बगळे उडाले. कानमास्तरही हसायला लागले आणि मध्येच थांबले. पंपघरात स्क्रूड्रायव्हरची मूठ ते कोणत्या कानाला लावत? उजव्या हाताचा माणूस. उजव्याच.

"हे धरा," म्हणत त्यांनी रिमोट साडूंच्या हातात कोंबला. "तुमचं मीटर लावा, काय हवं ते लावा." आणि सायकलवर टांग टाकली.

पंपघर दुरूनच गुणगुणत होतं. इतकी वर्षं ते गाणं त्यांना पाठ होतं, आणि पाठ असलेलं माणूस ऐकत नाही, हे त्यांना त्या दारात कळलं. त्यांनी मूठ डाव्या कानाला लावली. पहिला पंप ठीक. दुसरा ठीक. तिसऱ्यावर टोक टेकवलं आणि दाताखाली वाळू यावी तशी खरखर थेट डोक्यात शिरली. ही आजची नव्हती. चांगली पंधरा दिवसांची होती.

त्यांनी साहेबांना फोन लावला. "साहेब, तीन नंबर बंद करून राखीव पंप लावतोय. बेअरिंग गेलंय."

"अहो, परवाच तुम्ही ठणठणीत म्हणालात!"

"परवा उजव्या कानाने म्हणालो होतो. तो कान गेलाय, साहेब. ते यंत्र मागवा. ते येईपर्यंत मी रोज येईन, पण मुदतवाढीचा अर्ज देणार नाही."

साहेब म्हणाले, "आधी डॉक्टरांना कान दाखवा. मागवतो यंत्र."

तीन नंबर बंद झाला तसं अर्धं पंपघर गप्प झालं. तेवढ्यात बायकोचा फोन आला. मीटर लावल्यावर बोट सुतासारखी सरळ गेली होती, ती पलीकडच्या गवतात जाऊन अडकली, आणि आणायला साडू गुडघाभर चिखलात उतरले होते.

"त्यांना सांग, बूट काढा," कानमास्तर म्हणाले आणि नोंदवही ओढून बसले. तीन नंबर पंप, बेअरिंग खराब, राखीव पंप सुरू, वेळ, तारीख. 'दोषाचं कारण' या रकान्यापाशी त्यांचं पेन थांबलं. मग त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'तपासणारा', आणि खाली सही केली.