माझ्या हातात नारळ उभा राहतो

सहा वर्षांमागं शेजाऱ्याच्या शेतात मी गंमत केली, तिची शिक्षा अजून भोगतोय. नारळावर पाणी पाहणारा म्हातारा ठरल्या दिवशी आला नव्हता. मी म्हटलं, आणा तो नारळ इकडं. तळहातावर आडवा ठेवला, शेतभर हिंडलो, आणि पाय दुखायला लागले तिथं अंगठ्यानं हळूच ढकलला. नारळ उभा राहिला. नारळ उभा म्हणजे खाली पाणी, असं आमच्याकडं मानतात. आता लोक हसतील म्हणून मी थांबलो, तर कोणी हसेचना. बोअर मारला, पाणी लागलं. मला स्वतःच्या खिशातली किल्ली सापडत नाही, पण जमिनीखालचं पाणी दिसतं म्हणे.

यंदा कळसाडीला दिलेल्या माझ्या ताईचा बोअर आटला. ऊस उभा, आणि तिची ऐपत एकाच नव्या बोअरची. तिनं मला बोलावलं. नाही म्हणायला गेलो नि नारळ उभा करून आलो. तिच्या तोंडाकडं बघून तोंडातून 'नाही' निघेना. पण मग घरी चैन पडेना. जेवता जेवता उठायचो, अंगाला साबण लावलेला बाहेर यायचो. शेवटी परत गेलो.

"ताई, नारळ उभा ऱ्हास नही, मी अंगठाघाई ढकलस."

"माले माहीत शे."

"मंग?"

"देवले काही करनं ऱ्हास तं कोनाना तरी अंगठा लागसच. तुन्हा लागना."

आता हिला काय सांगायचं? मी शहाद्याहून मशीनवाले साहेब आणले. त्यांनी जमिनीत सळया रोवल्या, वायरी जोडल्या, आणि निंबाजवळची जागा दाखवली. मला इतकं हलकं वाटलं. मशीनचं मला काडीचं कळत नव्हतं, म्हणून मी लगेच मानलं. नारळाचं सगळं कळत होतं, म्हणून मानत नव्हतो.

ताईनं विचारलं, "साहेब, पानी नक्की लागी?"

"शक्यता चांगली आहे," साहेब म्हणाले.

"मन्हा भाऊ शक्यता नही सांगस," ताई म्हणाली. संपलं.

जाताना साहेबांनी मला ट्रॅक्टरमागं घेतलं. "माझ्या प्लॉटवरचा बोअर कोरडा पडलाय. रविवारी येता का? नारळ मी आणतो."

बोअरची गाडी आली ती माझ्याच जागेवर. नुसता पांढरा भुगा उडत होता. मी निंबापर्यंत जायचो, परत यायचो. ताईचा दीर म्हणाला, "बैस ना भाऊ. तूच असा फिरी ऱ्हायना तं आम्हले भ्याव वाटस."

बसलो, तर ओठ हलायला लागले. कोणाला विनवत होतो, देव जाणे. बघतो तर दोन्ही हात जोडलेले, आणि तो लबाड अंगठा नाकासमोर. म्हणजे मी त्यालाच नमस्कार करत होतो.

भुगा काळा झाला, ओला झाला, आणि पाणी उसळलं. कोरडा गेला असता तर मी सुटलो असतो, ताई अडकली असती. आता ताई सुटली.

ती चिखलातून आली. "आते तरी मानशी का?"

"मानस," मी म्हटलं.

"चेष्टा नको करू," म्हणाली आणि पाइप बघायला गेली.

मी चेष्टा करत नव्हतो. निदान पायाचा चिखल वाळेपर्यंत तरी नाही.