एका अक्षराचे भाऊबंद

मिलिंदच्या बाबांना उभ्या आयुष्यात परका माणूस असा भेटलाच नाही. भेटले ते सगळे नातेवाईक. काहींचं नातं सापडलेलं, बाकीच्यांचं सापडायचं राहिलेलं. मिलिंद माझा रूममेट. २००३ साली आम्ही दोघं अमेरिकेत पिस्कॅटवेला दोन बेडरूमच्या अपार्टमेंटमध्ये राहत होतो. त्याचे आईबाबा पुण्याहून सहा महिन्यांसाठी आले तेव्हा माझी खोली त्यांना गेली आणि मी हॉलमधल्या सोफ्यावर आलो. सोफा आखूड होता. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे कुठे खवचटपणा दिसला तर तो मानेच्या दुखण्यातून आलाय हे लक्षात येईल. काकांवर माझा राग नव्हता. त्यांच्यावर तो कुणाचाच टिकत नसे.

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यापासून काकांनी स्वतःला घराण्याच्या कुलवृत्तांताला वाहून घेतलं होतं. कोण कुणाचा मुलगा, कोण कधी कुठल्या गावी गेला, याची साडेतीनशे पानांची हस्तलिखित वंशावळ ते बॅगेत घालून घेऊन आले होते. काकूंनी त्या बॅगेत कैरीच्या लोणच्यापुरती जागा मागितली, ती मिळाली नाही. ‘आपली पाच पिढ्यांची माणसं सामानात टाकू की तुझं लोणचं?’ हा त्यांचा युक्तिवाद. शिवाय इथे येऊन त्यांनी एक लाल वही सुरू केली. दिसेल त्याला आडनाव आणि मूळ गाव विचारायचं आणि वहीत लिहून घ्यायचं. पोस्टमन झाला, केस कापणारी झाली, दारात पिझ्झा घेऊन आलेला मुलगा झाला. एकदा मिलिंदला वेगात गाडी चालवल्याबद्दल पोलिसाने थांबवलं. मिलिंदचे हात स्टिअरिंगवर, मी शेजारी ताठ, आणि मागून काकांचा आवाज, "युवर सरनेम? अँड ओरिजिनली फ्रॉम विच व्हिलेज?" तो भला माणूस आपल्या पोलंडमधल्या आजोबांच्या गावाबद्दल, तिथल्या पिठाच्या गिरणीबद्दल दहा मिनिटं बोलला. त्याने काकांशी हस्तांदोलन केलं आणि मिलिंदला दंडाचं तिकीट दिलं. "कर्तव्यकठोर घराणं दिसतंय," काका खिडकीची काच वर घेत म्हणाले.

अशा माणसाच्या हाती चिनी आडनावं लागली, तेव्हा काय झालं असेल ते वाचकांनी समजून घ्यावं. नाक्यावरच्या चायनीज टेकआउटचा मालक चेन. त्याने वहीत इंग्रजीत नाव लिहून शेजारी हौसेने आपल्या आडनावाचं चिनी अक्षर काढून दिलं. आठवड्याने काकांचे केस कापणाऱ्या, व्हिएतनामहून आलेल्या ट्रॅनबाईंनी आजोबांच्या आठवणीने अक्षर काढलं, तर तेच. मिलिंदच्या ऑफिसातल्या चॅनचं तेच. आणि आमच्या खालच्या मजल्यावर पेनांगहून आलेली एक आजी नातीबरोबर राहत होती, त्यांचं आडनाव टॅन, त्यांचंही तेच! बोलणार चार तऱ्हांनी, इंग्रजीत लिहिणार चार तऱ्हांनी, पण अक्षर एकच. काका त्या दिवशी जेवले नाहीत. "अरे, हे सगळे भाऊबंद आहेत, आणि एकमेकांना ओळखतसुद्धा नाहीत!" चॅन आणि चेन यांची भेट घडवून आणायला ते मिलिंदच्या मागे लागले. मिलिंद म्हणाला, "बाबा प्लीज, यार, तो माझा मॅनेजर आहे." "मग त्याला तर कळायलाच हवं," काका म्हणाले.

खालच्या आजीला नात ‘आमा’ म्हणे. त्यांच्या बोलीत आमा म्हणजे आजीच. काकांनी तिची लगेच आमाबाई करून टाकली. ऐंशीच्या घरातली, काटकुळी, मोडकं पण ठणठणीत इंग्रजी बोलणारी ही बाई आणि काका रोज चार वाजता पार्किंग लॉटच्या कडेच्या बाकावर बसत. ते अक्षर कसं लक्षात ठेवायचं हे तिनेच शिकवलं. डावीकडे कानासारखी खूण, उजवीकडे पूर्व दिशेची. काकांनी वर येऊन ते आम्हाला टिश्यू पेपरवर काढून दाखवलं. "पूर्वेकडे कान लावून बसलेली माणसं! अरे, हे तर आपलंच आडनाव व्हायला हवं होतं." आमाने सांगितलं होतं, तीन हजार वर्षांपूर्वी एका राजाने आपल्या जावयाला एक छोटं राज्य दिलं, त्या राज्याचं हे अक्षर, राज्य बुडालं, माणसांनी नाव जवळ ठेवलं. "आंदण मिळालेलं राज्य," काका काकूंकडे बघत म्हणाले, "आम्हाला तुमच्याकडून स्टीलची टाकी मिळाली." आमाच्या स्वयंपाकघरात वाळवलेल्या संत्रासालींची बरणी होती, तिच्यावरही तेच अक्षर. तिथे त्याचा अर्थ जुनं, मुरलेलं. ही साल जितकी जुनी तितकी औषधी म्हणे. काकांना तर आता त्या सालींचंही मूळ गाव विचारावंसं वाटत होतं.

आमाची नात ग्रेस औषधांच्या एका लॅबमध्ये काम करायची. वय सत्तावीस, हसली की डोळे नाहीसे व्हायचे. आईवडील पेनांगला, शिकायला लहानपणीच इकडे आली ती आमाच्या पदराला धरून, आमानेच वाढवली. तिचं केव्हिन चिन नावाच्या कॅलिफोर्नियातल्या मुलाशी लग्न ठरलं होतं, हॉल बुक झाला होता, आमाने स्वतःसाठी लाल जाकीट शिवायला टाकलं होतं. केव्हिनची चौथी पिढी अमेरिकेत. त्याला चिनी अक्षर एकही येत नव्हतं, पण पणजोबांच्या नावाचा दगडी शिक्का त्याने किल्ल्यांना अडकवला होता. काकांनी तो पाहिला, स्टॅम्पपॅडवर दाबला आणि वहीत उमटवला. कान. पूर्व. इंग्रजीत ‘चिन’ लिहिणारी दोन-तीन निरनिराळी घराणी असतात, आमा केव्हिनला त्यातलं दुसरं कुठलं तरी समजून चालली होती. काकांना हे काय माहीत! चार वाजता ते बाकावर गेले आणि वही तिच्यापुढे धरून आनंदाने म्हणाले, "आमाबाई, काँग्रॅच्युलेशन्स! जावई घरचाच निघाला."

आमा उठली आणि आत निघून गेली.

संध्याकाळी ग्रेस वर आली ती रडून सुजलेल्या डोळ्यांनी. "अंकल, व्हॉट डिड यू टेल हर?" आमा म्हणत होती, एका आडनावाचे म्हणजे बहीणभाऊ, असलं लग्न तिच्या माहेरी-सासरी कुणी केलं नाही, ती हॉलमध्ये पाऊल ठेवणार नाही. केव्हिनचे पूर्वज चीनच्या एका टोकाचे, टॅन दुसऱ्या टोकाचे, हजार वर्षांत नखाचा संबंध नाही, हे ग्रेसने सांगून पाहिलं. आमा भिंतीकडे तोंड करून बसली होती. "मी तिच्याशिवाय लग्न करणार नाही," ग्रेस इंग्रजीत म्हणाली, आणि हे ती रागाने म्हणत नव्हती, म्हणून फार वाईट वाटलं. काका पांढरेफटक पडले. दोन दिवस त्यांनी लाल वहीला हात लावला नाही. कुणी फोनवर आपलं नाव सांगितलं तरी ‘बरं’ म्हणून ठेवून देत. तेव्हा मात्र मला सोफ्याचंही काही वाटेनासं झालं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते साडेतीनशे पानी बाड उघडून ओरडले, "सापडलं!" चार पिढ्यांमागे त्यांच्या घराण्यात सगोत्र विवाहाचा असाच पेच पडला होता. तेव्हा मुलगी मामाला दत्तक दिली, गोत्र बदललं आणि अक्षता पडल्या. ग्रेसला मामा नव्हता. "मी आहे," काका म्हणाले. मिलिंद हातातला कप ठेवून उभा राहिला. "बाबा, व्हिसाच्या फॉर्मवर दत्तक मुलगी लिहावी लागेल! माझं ग्रीन कार्ड अडकलंय, यार!" "अरे, उलट घरात एक तरी सिटिझन होतेय." मग ते खाली जाऊन आमाशी तासभर बोलले. गंमत म्हणजे आमाला काही समजवावं लागलंच नाही. मूल दुसऱ्या घराला देऊन त्याचं नशीब फिरवण्याची रीत त्यांच्याकडेही होती. पेनांगला फोन गेला. ग्रेसचे वडील म्हणाले, आई हो म्हणत असेल तर माझं हो.

अडलं ते घरातच. दत्तकाला पत्नीची संमती लागते. काकू पोळ्या लाटत होत्या, त्यांनी लाटणं बाजूला ठेवलं. "तुमच्या त्या बाडात मुलग्यांची नावं, पदव्या, पेन्शन सगळं आहे. मुलींचं काय आहे? ‘कन्या दोन.’ ‘कन्या तीन.’ माझ्या सासूबाईंचं माहेरचं नावसुद्धा नाही. या पोरीचं नाव शाईने लिहिणार असाल, आणि बाकीच्यांचीही शोधून लिहिणार असाल, तर घेते मी तिला मांडीवर." पाच पिढ्यांचा शिरस्ता होता. काका पेनाचं टोपण काढत म्हणाले, "लिहितो."

रविवारी सकाळी आमच्या हॉलमध्ये, माझा सोफा भिंतीला लावून, विधी झाला. पुण्याचे गुरुजी आगाऊ पैसे भरलेल्या कॉलिंग कार्डावरून स्पीकरवर. "मुलीचं वय?" "सत्तावीस." पलीकडे पोथीची पानं उलटल्याचा आवाज. "आधीचं गोत्र?" काकांनी त्या बुडालेल्या राज्याचं नाव सांगितलं. "अज्ञात गोत्र असेल तर काश्यप म्हणायचं असतं," गुरुजी म्हणाले. काका भडकले, "अज्ञात? तीन हजार वर्षं ज्ञात आहे, गुरुजी! तुमचं कुठपर्यंत आहे?" मंत्र ऐन रंगात आले असताना कार्डातल्या बाईचा आवाज आला, "यू हॅव वन मिनिट रिमेनिंग," आणि आमाने भक्तिभावाने हात जोडले. गुरुजींनी उरलेला संकल्प आगगाडीसारखा सोडला. ग्रेस काकूंच्या मांडीवर टेकली, काकूंच्या गुडघ्यातून आवाज आला, पण त्यांनी तिला चटकन उठू दिलं नाही. हिरव्या बांगड्या भरताना दोघीही रडत होत्या. आमाने काकांच्या हातात लाल पाकीट आणि संत्रासालींची बरणी ठेवली. "नाऊ नॉट सेम," ती केव्हिनकडे बोट दाखवून म्हणाली, "नाऊ कॅन." लग्नात ती लाल जाकिटात सगळ्यात पुढे बसली होती. वधूवरांनी गुडघे टेकून थोरांना चहा दिला, तेव्हा काकांनी तो बिनदुधाचा, बिनसाखरेचा चहा तोंड वाकडं न करता प्यायला.

पुण्याला परतल्यावर काकांनी शब्द पाळला. घराण्याच्या सगळ्या शाखांना फोन करून, म्हाताऱ्या आत्यांना आठवायला लावून त्यांनी गेलेल्या, दूर दिलेल्या, विसरलेल्या मुलींची नावं गोळा केली. त्यात कुलवृत्तांत दोन वर्षं लांबला. छापून आला तेव्हा काकांच्या नावाखाली होतं: ‘पुत्र मिलिंद. कन्या ग्रेस, दत्तक, पिस्कॅटवे.’ शेजारी ते अक्षर. छापखान्यात ते मिळेना, म्हणून काकांनी हाताने काढलेलंच छापलं. त्यात कान जरा मोठा आला होता.

२००८ मध्ये काका गेले. मिलिंद पुण्याला धावला. मी तोवर दुसऱ्या राज्यात, ट्रॉयला नोकरीला आलो होतो. तिसऱ्या दिवशी ग्रेसचा फोन आला. आवाज बसलेला होता. "लग्न झालेल्या मुलीला तीन दिवस सुतक, राइट? बाबांनी सांगितलेलं मला." ‘बाबा’ हा शब्द तिने अगदी नीट उच्चारला. मी म्हटलं, हो, तीनच. तिने तीन दिवस सुट्टी घेतली होती, गोड खाल्लं नव्हतं, देवापुढे दिवा लावला नव्हता, आणि जावयाला किती दिवस हे केव्हिन विचारत होता. ऑफिसच्या फॉर्मवर नातं विचारलं तिथे तिने ‘फादर’ लिहिलं. पण तिचे डॅड पेनांगला ठणठणीत आहेत, हे ऑफिसला माहीत होतं. एचआरच्या बाईने बोलावून समजावून सांग म्हटलं.

"मग?" मी विचारलं.

"सांगितलं. पाऊण तास." ती नाक ओढत थोडं हसली. "ती बाई मूळची कुठल्या गावची आहे, सांगू?"

मी म्हटलं, सांग. आणि फोन कानाला लावून सगळं ऐकून घेतलं.