कॅल्शियमची गुठळी

मेंदूच्या प्रयोगशाळेत सगळे त्यांना मामा म्हणायचे. काम एकच, पाणी करायचं. साधं नव्हे, डोक्यात मेंदूभोवती असतं तसं. सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, साखर, सगळं काट्यावर चिमटी चिमटीनं तोलून. उंदराच्या पिल्लाच्या मेंदूची कागदासारखी पातळ चकती त्या पाण्यात सोडली की चार-पाच तास जिवंत राहायची. एकोणीस वर्षांत मामांची एकही बाटली कुणी परत आणली नव्हती. पोट भरल्यावर ढेकर यावा तसं ते हे येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे.

तीन वर्षांपूर्वी एक पोरगी पीएचडी करायला आली. मामा तिला ताई म्हणायचे, ती त्यांना मामा. तिला समजावून सांगायची भारी हौस.

"मामा, मोठ्या उंदराच्या मेंदूत एक रसायन असतं, पेशींना गप्प बसवणारं. पण नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाच्या मेंदूत तेच रसायन पेशींना चेकाळवतं."

"का बरं? बाटली बदलते का?"

"बाटली तीच. लहान पेशीच्या पोटात क्लोराइड ठासून भरलेलं असतं. पेशी वयात आली की पंप लावून ते बाहेर फेकते, मग तेच रसायन तिला शांत करतं."

"म्हणजे आमच्या बायकोचा आवाज. लग्नाआधी ऐकला की उडी मारायचो, आता ऐकला की बसून घेतो."

ताई इतकी हसली की हात हलून सुईखाली मोजायला धरलेली पेशी मेली. त्याबद्दल मामांना दिवसभर शिव्या खाव्या लागल्या.

तिचा प्रश्न असा होता: पिल्लाला रोज तीन तास आईपासून तोडलं, तर हा बदल लांबतो का? आईजवळची पिल्लं तिनं कोरड्या महिन्यांत तपासून घेतली. तोडलेल्या पिल्लांची पाळी आली ती दमट महिन्यांत. आणि तिथंच मामांनी माती खाल्ली.

कॅल्शियमचं मीठ मोठं हावरट. हवेतलं पाणी ओढून घेतं. एका शुक्रवारी घाईत मामांनी डब्याचं झाकण नुसतं टेकवलं आणि घरी गेले. सोमवारी बघतात तर आत गुठळी, बोटाला ओशट लागणारी. डबा फेकायचा, वहीत लिहायचं, नवा मागवायचा, एवढंच करायचं होतं. पण एकोणीस वर्षं! त्यांनी खलबत्त्यात गुठळी फोडली आणि तेच तोलायला घेतलं. वजन बरोबर भरलं, पण त्या वजनात पाणी किती आणि मीठ किती, ते देवालाच ठाऊक. तपासणीच्या यंत्रानंही काही दाखवलं नाही. कॅल्शियम मुळात चिमूटभर, त्यातलं थोडं कमी झालं तर यंत्राला काय कळणार? पेशींना मात्र कळतं. कॅल्शियम कमी पडलं की त्या उगाच फुरफुरायला लागतात. मामांना हे माहीत होतं. माहीत असून चार महिने ते त्याच डब्यातून तोलत राहिले.

तोडलेल्या पिल्लांच्या पेशी चेकाळलेल्याच निघाल्या. ताई नाचायची बाकी राहिली होती.

प्रबंध द्यायच्या आधीच्या गुरुवारी तिनं सगळ्यांसमोर निकाल मांडला. शेवटी म्हणाली, "मामांचं पाणी नसतं तर यातली एकही पेशी जगली नसती." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मामांना वाटलं, कुणीतरी भर बाजारात धोतर फेडलं.

घरी ताटावर बसले आणि घास नुसता फिरवत राहिले.

"काय झालं? कुणाचा खून करून आलात?" बायकोनं विचारलं.

मामांनी सगळं सांगितलं. बायको पोळी लाटता लाटता ऐकत होती. लाटणं थांबलं.

"तिला सांगितलंत?"

"सोमवारी देणार आहे ती प्रबंध. आता कुठं..."

"मग सोमवारनंतर सांगणार? तुम्ही चुकलात ते चुकलात, पण टाळ्या कशाला घेतल्यात?"

शुक्रवारी सकाळी ताई यायच्या आधीच मामा तिच्या टेबलापाशी उभे होते. डबा हातात. ती आली, तसे बोलायचं ठरवून आले होते ते सगळं विसरले, आणि सरळ गुठळीपासून सुरुवात केली. ताईनं मधे एकच विचारलं, "कुठल्या महिन्यापासून?" मामांनी महिना सांगितला. तिनं वही उघडली, पानं मागं नेली, आणि तोडलेल्या पिल्लांच्या पहिल्या तारखेवर बोट ठेवलं.

मग उठली. त्या दिवशीचं आईपासून तोडलेलं एक पिल्लू घेतलं. एक चकती जुन्या डब्याच्या पाण्यात, दुसरी नवा डबा फोडून स्वतः केलेल्या पाण्यात. रसायनाचा थेंब सोडला. जुन्या पाण्यातल्या पेशी तडतडल्या. नव्या पाण्यातल्या गुमान बसल्या, आईजवळच्या पिल्लांसारख्याच. शनिवारी दुसरं पिल्लू, रविवारी तिसरं. तेच.

रविवारी दुपारी ती म्हणाली, "मामा, मी चार महिने पिल्लांना आईपासून तोडत होते. पिल्लांना काही झालंच नव्हतं. झालं होतं ते तुमच्या डब्याला."

"ताई, मी प्रयोगशाळेच्या मोठ्या मॅडमना जाऊन सांगतो. माझी चूक आहे, तुमचा काय दोष?"

"सांगा. पण प्रबंधावर नाव माझं आहे ना." तिनं वही त्यांच्यापुढं सरकवली. "इथं लिहा. काय केलंत, कधी केलंत. तुमच्या अक्षरात."

मामांनी लिहिलं. झाकण, गुठळी, खलबत्ता, महिना. सही केली. ताईनं वाचलं आणि वही बंद केली. "उद्यापासून माझं पाणी मी करीन," एवढंच म्हणाली.

सोमवारी तिनं प्रबंध दिला नाही. निम्मे प्रयोग पहिल्यापासून लावले. मामांकडे भांडी धुणं उरलं. ते रोज सकाळी काचेची भांडी तीन-तीनदा खळबळून धुवायचे, पुसून ओळीनं मांडायचे. ताई यायची, त्यातलं एक उचलायची, आणि नळाखाली धरून पुन्हा धुवायची. मामा बघायचे, आणि पुढच्या भांड्याला हात घालायचे.