मागचा दिवा

आज सकाळी कौन्सिलची माणसं समोरच्या फुटपाथवरची पानं यंत्राने उडवत होती. खिडकी जराशी उघडी होती. पेट्रोल आणि जळक्या तेलाचा वास आत आला आणि मी चहाचं पातेलं हातात धरून तशीच उभी राहिले. लंडनच्या हॅरो भागातल्या आमच्या या गल्लीत ओल्या पानांचा, भिजलेल्या कुंपणांचा, कुणाच्या तरी फोडणीचा वास नेहमीचा. पण हा वास मला थेट त्या उत्तरेकडच्या डोंगरावर घेऊन गेला. गेल्या हिवाळ्यात आम्ही तिथे बर्फावरच्या स्कूटरींवर बसलो होतो.

दर महिन्याला बुद्धवंदनेला जमणाऱ्या आमच्या मंडळींनी स्कॉटलंडची सहल ठरवली, तेव्हा त्यात कुणी मला धरेल असं वाटलं नव्हतं. चारचौघांत मला बोलणं सुचत नाही. वंदना झाली की सतरंज्यांच्या घड्या घालायच्या आणि कोपऱ्यात उभं राहायचं, ही माझी रीत. पण सुनेने आग्रहच धरला. लोकरीचे मोजे आणले, माझी बॅगसुद्धा तिनेच भरली. एवढी माया एकाएकी कुठून आली, असं माझ्या मनात आलं आणि त्याला कारणही होतं. काही दिवस आधी मी जिन्यात असताना ती फोनवर म्हणत होती, "आईंना इतक्यात कळू द्यायचं नाही. तिकडून आलो की बघू." तेव्हापासून अन्न गोड लागेना. मला गावी दिराकडे धाडायचं ठरलंय, याची खात्रीच पटली. नवरा गेल्यावर मी तिथली राहिले नव्हते आणि इथली अजून पुरती झाले नव्हते. आधी सहल घडवायची, मग हातात तिकीट ठेवायचं, असाच हिशेब मी मनात मांडला.

डोंगरावर गेलो त्या सकाळी ऊन इतकं स्वच्छ होतं की त्याचाही मला संशय आला. पुढे नेणारी बाई उंच, लाल गालांची. तिचं बोलणं मला काही कळेना. बराच वेळ हातवारे करून ती सगळ्यांना समजावत होती.

"काय म्हणते रे?" मी मुलाला विचारलं.

"हवेचा भरवसा नाही म्हणते. तू फक्त मला घट्ट धर."

एवढं लांबलचक बोलणं आणि त्याचा अर्थ एवढाच? हेल्मेट घातल्यावर मंडळींतली एक जण हसून म्हणाली, "काकू, आता चंद्रावरच उतरा." मी हसले, पण ते काचेच्या आतच राहिलं.

रांग निघाली. सर्वांत पुढे ती बाई, मग बाकीचे, मग एकटी चालवणारी सून आणि शेवटी मुलगा आणि त्याच्यामागे मी. पांढऱ्या उतारांवर पाइनच्या निळसर सावल्या पडल्या होत्या. त्या सुंदर होत्या, हे मला आज आठवताना जाणवतं. तेव्हा माझे डोळे सुनेच्या पाठीवर होते. दर वळणावर ती मान वळवून मागे बघायची. एकही वळण तिने सोडलं नाही. घरीही तिचं असंच. मी गॅस बंद केला की ती बटणाकडे नजर टाकते, मी दार ओढून घेतलं की ती पुन्हा ओढून बघते. इथेही पाळत ठेवते, असं वाटून मी मुलाच्या पाठीआड तोंड लपवलं.

मग वारा फिरला. डोंगरमाथा दिसेनासा झाला, मग झाडं, मग पुढची स्कूटर. आभाळ कुठे संपतं आणि जमीन कुठे सुरू होते, तेही कळेना. एका खोलगट जागी आमच्या यंत्राखाली काहीतरी फटकन वाजलं आणि इंजिन थांबलं. दिवाही गेला. मुलाने झाकण उघडून पाहिलं. "पट्टा तुटला," तो म्हणाला. पुढच्यांचे आवाज लांब गेले आणि विरले.

"चल, चालत जाऊ."

"नाही. इथेच थांबायचं."

"आणि ते पुढे निघून गेले तर?"

"जाणार नाहीत, आई."

"तुला काय माहीत?"

तो झाकण लावू लागला. त्या पांढऱ्या पोकळीत मला कोण जाणे कुठून धीर आला. "मला गावी पाठवायचं ठरलंय ना? जिन्यात ऐकलं मी."

त्याने हेल्मेटची काच वर केली. "तिला एडिंबराला नोकरी मिळतेय. घर तिकडे हलवायचं का, ते तुला विचारायला ती घाबरते. तू तोंडाने कधी नाही म्हणत नाहीस. नुसती जेवायची बंद होतेस."

"हे तू आत्ता रचून सांगतोयस."

"इथे? या थंडीत?"

तेवढ्यात पिवळा उजेड दिसला. ती उंच बाई परत आली होती. आम्हाला आपल्यामागे बसवून ती हळूहळू निघाली. पहिल्याच वळणावर सून उभी होती, दिवा चालू ठेवून, खांद्यांवर बर्फ साचलेली. जागची हलली नव्हती. तिच्या पुढच्या वळणावर दुसरं कुणी, त्याच्या पुढे तिसरं. सगळी रांग अशीच थांबलेली.

"दिवा दिसेना तुझा," ती नवऱ्याला म्हणाली, "म्हणून इथेच थांबले." मग माझे हात चोळत, "आई, बोटं हलतायत ना?"

त्या उंच बाईच्या सकाळच्या लांबलचक बोलण्याचा अर्थ मला मग कळला. प्रत्येकाने वळणावर मागे बघायचं; मागचा दिवा दिसला नाही तर तिथेच थांबायचं. मग पुढच्याला तुमचा दिवा दिसत नाही, तोही थांबतो, आणि थांबणं रांगेच्या टोकापर्यंत पोचतं. मुलाने हे परतताना गाडीत सांगितलं. मागे बसणारीला सांगायचं कशाला, असं त्याला वाटलं होतं.

घर आम्ही हलवलं नाही. मी नाही म्हणाले, तोंडाने. सुनेने नोकरी मात्र घेतली. आठवड्यातले काही दिवस ती तिकडे राहते. हे असं किती दिवस चालेल, दोघांचं आपसांत आणखी काय ठरलंय, मला ठाऊक नाही. फोनवर ती आवाज खाली करते तेव्हा माझे कान अजून टवकारतात. त्या दिवशी ती दिव्याकडे बघत होती की माझ्याकडे, तेही मी कधी विचारलं नाही. मी मागे नसते तरी तिने बघितलंच असतं, तो नियमच होता.

ती पहाटे बॅग ओढत स्टेशनकडे निघते. गल्लीच्या कोपऱ्यावर थांबते आणि मान वळवून मागे बघते. मी दार नीट लावलं का, तेच बघत असेल. बघू दे. ती वळून दिसेनाशी होईपर्यंत मी ओसरीचा दिवा मालवत नाही.