आबांची गरवी

आबा माणसं दोनच वाणांत बसवायचे: हळवी आणि गरवी. शब्द भाताचे. जे भात लवकर तयार होतं ते हळवं, उशिरा होतं ते गरवं. पेणच्या बाजूला शेती खात्यात तीस वर्षं काढलेला हा माणूस निवृत्त झाला, बायको गेली, मुलाकडे ख्राइस्टचर्चला आला, पण शब्द तेच राहिले. समोरचा दहा मिनिटं बोलला की त्याचा वाण ठरायचा. इथल्या गणपतीत पुण्याच्या एका बाईंना ते म्हणाले, "तुम्ही हळव्या." त्या बाई पुढे वर्षभर सगळ्यांना सांगत होत्या की आबांनी त्यांचं मन किती अचूक ओळखलं.

माझ्या नवऱ्याला, समीरला, त्यांनी निमगरवा, म्हणजे दोन्हींच्या मधला, ठरवलं. मला पहिल्याच भेटीत गरवी म्हणाले, आणि मी चिडले. भूकंपानंतर पुन्हा उभ्या राहणाऱ्या या शहरात मी इंजिनिअर म्हणून आले; इमारतींच्या तारखांवर माझं पोट चालतं. रांगेत चार माणसं पुढे असली तरी माझा पाय आपटत असतो. "मी कसली गरवी, आबा?" मी म्हटलं. ते शांतपणे म्हणाले, "घाई असते म्हणून कुणी हळवं होत नाही. घाई गरव्यालाच जास्त."

मी तेव्हा सदतीस वर्षांची होते. लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि आम्हाला मूल नव्हतं. आबांना हे माहीत नसावं असं मी स्वतःला बजावलं आणि चहा टाकला.

आबा शेजारी राहायचे, त्यांचा मुलगा नितीन आणि सून यांच्याकडे. त्या घराला दोन गाड्यांचं गॅरेज आणि भोवती नुसतं काँक्रीट. आमचं घर जुनं, पडायला आलेलं, पण मागे मोठी मोकळी जागा. दोन्ही घरांमधल्या लाकडी कुंपणाची एक फळी निखळलेली होती. आबा पुढच्या दाराची घंटा कधी वाजवायचे नाहीत, फळीवर दोनदा टकटक करायचे. एका जुलैत, इथल्या ऐन हिवाळ्यात, गवतावर दव गोठलेलं असताना, पायात जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, आणि डोक्याला मफलर अशा थाटात ते फळीपाशी उभे राहिले. म्हणाले, "एक झाड लावायचंय. जागा तुमची, हात माझे. चालेल?"

रोपवाटिकेत त्यांना मीच घेऊन गेले. आबांनी तिथल्या माणसाला हात जोडून "किया ओरा" असा इथला माओरी नमस्कार केला आणि पुढचं सगळं माझ्यावर सोपवलं. तो माणूस उत्साहाने ख्रिसमसला येणाऱ्या चेऱ्या दाखवत होता. आबा मान हलवत राहिले. "त्याला विचार, सगळ्यांच्या शेवटी कुठली येते." तो म्हणाला, एक आहे, जानेवारी संपता संपता, कधी फेब्रुवारीतही. आणि ही एकटीच फळते, शेजारी दुसरं झाड लागत नाही. मी भाषांतर केलं. "एकटी फळते?" आबांनी त्या काठीएवढ्या रोपाकडे जरा वेळ पाहिलं. "म्हणजे असंही असतं." मग ते रोप त्यांनी घरापर्यंत मांडीवर धरून आणलं.

एवढी उशिराची कशाला, हे मी गाडीत विचारलं. "बोरनहाणासाठी," आबा म्हणाले. संक्रांत ते रथसप्तमी हे बोरनहाणाचे दिवस. त्यांच्या गावात अख्ख्या आळीतल्या पोरांचं बोरनहाण नितीनची आई करायची. मापट्याने बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, हलवा पोरांच्या डोक्यावरून ओतायची. इथे बोरं मिळत नाहीत आणि विमानतळावर कुणी आणू देत नाही. ख्रिसमसच्या चेऱ्या तोपर्यंत संपलेल्या असतात. रथसप्तमीपर्यंत झाडावर टिकेल असं फळ त्यांना हवं होतं.

"कुणाचं बोरनहाण करणार आहात?" माझा आवाज मला हवा होता त्यापेक्षा कोरडा निघाला. नितीन आणि त्याच्या बायकोला मूल नको होतं, ते त्यांनी सगळ्यांना स्पष्ट सांगितलेलं होतं.

"ज्याचं असेल त्याचं," आबा म्हणाले. "झाड काही विचारून लावत नाहीत."

पुढची चार वर्षं ते रोज सकाळी फळीतून यायचे. झाडाला पाणी, बुंध्याशी पेंढा, आणि बराच वेळ नुसतं बघत बसणं. इथली शेती त्यांनी पहिलीपासून शिकून घेतली. हिवाळ्यात, ओल्या हवेत या झाडाला कात्री लावायची नाही, रोग शिरतो. छाटणी उन्हाळ्यात, फळं उतरल्यावर, कोरड्या दिवशी. हे त्यांना समजलं तेव्हा ते लहान मुलासारखे हरखले होते. पण सगळ्यांत नवल त्यांना थंडीचं वाटायचं. "आमच्याकडे थंडी पडली की आंब्याचा मोहोर धरेल की जळेल, याचीच धास्ती. आणि हिला बघ, थंडी पुरेशी लागली नाही तर ही फुलतच नाही. मोजून थंडी खाते." त्या काळात मी क्लिनिकच्या फेऱ्या मारत होते. इंजेक्शनं, वाट बघणं, मग फोन. दर वेळी फोनवरचा आवाज तोच आणि बातमीही तीच. त्या दिवसांत मी मागच्या पायरीवर जाऊन बसायचे. आबा काहीच विचारायचे नाहीत. पाणी घालून झालं की पायरीच्या दुसऱ्या टोकाला बसायचे आणि म्हणायचे, "थंडी चांगली पडलीय यंदा." मला त्यांचा राग यायचा, आणि ते आले नाहीत तर करमायचं नाही.

चौथ्या उन्हाळ्यात झाडाला पहिल्यांदा भरून फळ धरलं. नेमके त्याच वेळी आबा महिनाभर पेणला गेले. गावचं घर भावाच्या नावावर करायचं होतं, असं म्हणाले. जानेवारीच्या सुरुवातीला मी खिडकीतून पाहिलं तर झाड लाल झालेलं आणि त्यावर दोन काळे पक्षी बसलेले. त्याच आठवड्यात क्लिनिकचा शेवटचा फोन येऊन गेला होता. डॉक्टरांनी आता थांबा असं सुचवलं होतं. हातचं आणखी काही जाऊ द्यायची माझी तयारी नव्हती. समीर म्हणत होता, "अगं, नेट टाकू या, ही लेट व्हरायटी आहे ना? आबांना फोन तरी कर." मी ऐकलं नाही. शिडी लावली आणि संध्याकाळपर्यंत झाड रिकामं केलं.

चाखून पाहिली तर चिंच बरी. मग मी ते केलं जे कोकणात आजोळ असलेली कुठलीही बाई करेल. गॅरेजमध्ये खोक्यात पेंढा पसरला, त्यावर चेऱ्यांचा थर, परत पेंढा, वर वर्तमानपत्र. मी चेरीची अढी घातली. आबा येईपर्यंत पिकतील, त्यांच्यापुढे ताट भरून ठेवीन, असा हिशेब होता. रोज कामावरून आले की पेंढ्यात हात घालून चाचपायचे. चेऱ्या सुरकुतत चालल्या होत्या.

आबा आले त्या सकाळी त्यांनी आधी झाड पाहिलं, मग मला. मी त्यांना गॅरेजमध्ये नेलं. त्यांनी वर्तमानपत्र उचललं, एक चेरी दोन बोटांत फिरवली आणि परत ठेवली. "आंबा अढीत पिकतो, अनघा. तो पाडाला लागला की झाडाचं काम संपतं. हिचं तसं नाही. ही तोडली की तिथेच थांबते. हिला झाडावरच पिकावं लागतं, लालाची काळी होईपर्यंत." मी खोक्याशेजारी जमिनीवर बसले आणि जे रडले ते चेरीसाठी नव्हतं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. आबा म्हणाले, "चूक माझी. लाल म्हणजे पिकली नव्हे, एवढं सांगून जायला हवं होतं." त्यांच्या खांद्याला प्रवासातली पिशवी तशीच होती. ती त्यांनी उघडली नाही. दुपारी माझ्या स्वयंपाकघरात उभं राहून त्यांनी त्या आंबट चेऱ्यांचा मेथी आणि गूळ घालून मेथांबा केला. तो आम्ही पुढचे सहा महिने पोळीशी खाल्ला.

उपचार थांबवले. मी चाळिशी ओलांडली आणि निदान माझ्यापुरता तो विषय मिटवला. आणि त्याच थंडीत, ज्याची आता कुणी वाटच पाहत नव्हतं, ते झालं. चाचणीची पट्टी हातात धरून मी समीरला फोन केला, आणि तो घरी पोहोचायच्या आत कुंपणाच्या फळीवर दोनदा टकटक केली. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या बाजूने. आबांनी ऐकलं, डोळे मिटले, उघडले. "तुला पहिल्या दिवशीच सांगितलं होतं," एवढंच म्हणाले.

त्या उन्हाळ्यात त्यांनी झाडावर जाळी टाकली आणि मला झाडाच्या दहा फुटांत येऊ दिलं नाही. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी फळीतून त्यांचा हात आला. तळव्यावर एकच चेरी होती, जवळजवळ काळी. माझं पोट तेव्हा चांगलंच दिसत होतं. मी ती तोंडात टाकली. तिची गोडी मी सांगू शकत नाही आणि कुणी सांगितली तर मला पटणारही नाही.

एप्रिलमध्ये ओवी झाली. आबा तिला मांडीवर घेऊन झाडाखाली बसायचे आणि तिच्याशी भाताविषयी बोलायचे. ऑगस्टमध्ये त्यांच्या छातीत दुखू लागलं. चार दिवस ते हॉस्पिटलमध्ये होते. मी गेले तेव्हा आवाज पार खोल गेलेला. "कळ्या फुगल्या?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, अजून नाही. "थंडी पुरी व्हायची असेल," म्हणाले. मग माझं मनगट धरलं. "लाल झाली म्हणून काढू नको हं." दुसऱ्या दिवशी ते गेले. मला वडील नाहीत. कॉलेजात असतानाच गेले. तेव्हा रडायचं जे राहून गेलं होतं तेही मी त्या दिवशी रडून घेतलं.

संक्रांत आली तेव्हा झाड लालेलाल होतं. मैत्रिणींचे मेसेज सुरू झाले: या संडेला सगळे फ्री आहेत, नंतर शाळा सुरू होतील, लाँग वीकेंडला कुणी नसेल, बोरनहाण आत्ताच उरकून टाक. समीरही म्हणाला, "चालेल की गं, मुलांना काय कळतंय आंबट-गोड?" मी जाळीखाली जाऊन उभी राहिले. सगळ्या गावाला घाईने पळवणारी बाई मी. "अजून नाहीत," मी म्हटलं. "रथसप्तमीला करू. जे येतील ते येतील."

रथसप्तमीला सहाच जणी आल्या आणि त्यांची पोरं. ओवीला काळं झबलं आणि हलव्याचे दागिने घातले होते. चेऱ्या पाटीभर निघाल्या होत्या, सगळ्या काळ्याभोर. सुरुवात करणार तोच फळीवर दोनदा टकटक झाली. मी हातातली पाटी खाली ठेवून वळले. नितीन होता. आबांच्या मागे तो आमच्याकडे फारसा आला नव्हता. त्याने वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी माझ्या हातात दिलं. "बाबांनी सांगितलं होतं, अनघाकडे बोरनहाण असेल त्या दिवशी हे द्यायचं. त्यांच्या कपाटात होतं. मला यातलं काही कळत नाही, पण आईचं आहे."

आत पितळेचं मापटं होतं, काठाला एक पोचा आलेलं. मी ते समीरकडे दिलं आणि कागद उलगडून पाहिला. पेपर पेणचा होता. तारीख त्या जानेवारीची, ज्या महिन्यात मी झाड ओरबाडलं होतं आणि डॉक्टरांनी थांबा म्हटलं होतं. म्हणजे गॅरेजमध्ये मी जमिनीवर बसून रडत होते तेव्हा हे मापटं त्यांच्या खांद्यावरच्या पिशवीत होतं. त्यांनी तेव्हा दाखवलं नाही, नंतरही कधी दाखवलं नाही.

मी नितीनला थांबवून घेतलं. मापटं शिगोशीग भरलं आणि ओवीच्या डोक्यावरून हळूहळू ओतलं. ती आधी दचकली, मग हसली. पोरं हिरवळीवर पडलेल्या चेऱ्या वेचायला धावली. "आंटी, दीज आर सो स्वीट," त्यातली एक ओरडली. ओवीच्या गालांवरून रस ओघळत होता, काळ्या झबल्यावर त्याचा डाग दिसतसुद्धा नव्हता. मी मापटं पुन्हा भरलं आणि नितीनच्या हातात दिलं.