लिफ्ट नको

आमच्या साडूंइतका कडू माणूस वसई-विरारच्या अख्ख्या पट्ट्यात दुसरा सापडणार नाही, आणि सापडलाच तर तो यांच्याकडे शिकवणीला येत असणार. रोज सकाळी ते पेलाभर कारल्याचा रस घेतात. तो प्यायल्यावर त्यांचा चेहरा जराही बदलत नाही. बदलत असेल तर रसाचाच बदलत असेल. हापूस कापून पुढे ठेवला तर म्हणतात, "गेल्या वर्षीचा बरा होता." गेल्या वर्षीही हेच म्हणाले होते. लग्नाला गेले की नवऱ्या मुलाकडे अशा नजरेने बघतात, की तो बिचारा गर्दीत आईला शोधू लागतो. माझ्या बायकोची थोरली बहीण, म्हणजे आमच्या ताई, यांच्या संसारात इतकी वर्षं टिकल्या याचं कारण त्या एका कानाने कमी ऐकतात आणि दुसऱ्या कानाने ऐकायचं नाकारतात.

अशा माणसाने पन्नाशी ओलांडल्यावर मॅरेथॉन पळायचं ठरवलं. ते तब्येतीसाठी नव्हतं. मुंबईतल्या एका कंपनीत ते हिशेब खात्यात होते आणि उभ्या नोकरीत कधी उशिरा पोचले नाहीत. मग खात्यात कॉम्प्युटर आले, कॉम्प्युटरमागून एक तरुण साहेब आला, आणि एका दुपारी त्याने यांना केबिनमध्ये बोलावलं. "बसा ना," साहेब म्हणाला. चहा मागवला. मग अगदी मायेने म्हणाला, "काम तुमचं चोख आहे हो, फक्त वेग जरा कमी पडतो." आणि स्वेच्छानिवृत्तीचा कागद पुढे सरकवला.

"स्वेच्छा त्याची, निवृत्ती माझी," हे साडूंचं त्यावरचं भाष्य.

"पण सही केलीत कशाला?" मी एकदा विचारलं.

"साडूभाऊ, त्याने बसा म्हटलं हो. इतक्या वर्षांत त्या केबिनमध्ये मला कुणी बसा म्हटलं नव्हतं. एकदा बसल्यावर माणूस नाही कसं म्हणणार?"

हे यांचं खरं मर्म. साऱ्या जगाला तोंडावर वाकडं बोलणारा हा गृहस्थ, कुणी गोडीने बसायला सांगितलं की लोण्यासारखा होतो. तर हा साहेब दर वर्षी कंपनीचा चमू घेऊन मॅरेथॉनमध्ये धावतो अशी बातमी यांना लागली. "मला ते बेचाळीस किलोमीटर वगैरे नकोत," मला गॅलरीत ओढून नेऊन साडू म्हणाले. "मला एकाच माणसाच्या पुढे जायचंय. पुढे गेलो की मागे वळून विचारणार, साहेब, वेग कसा वाटतो? बस. तिथून घरी."

सराव सुरू झाला. ऑफिसची पँट मोज्यात खोचलेली, पायात कॅनव्हासचे बूट, मनगटावर कंपनीनेच दिलेलं घड्याळ आणि हातात छत्री. छत्री कुत्र्यांसाठी. पहाटे ते कधी पापडीकडे, कधी होळी बाजाराकडे, पण बहुतेक निर्मळच्या वाटेला धावत सुटत. आता अडचण अशी, की आपल्या या वाड्यांमधून त्या काळी पोटापाण्याला लागलेला माणूस उगाच धावत नसे. धावला म्हणजे घरी कुणीतरी अत्यवस्थ. पहिल्याच आठवड्यात पापडीच्या चर्चमधली सकाळची मिस्सा आटपून निघालेल्या एका म्हाताऱ्या काकांनी यांना पाहिलं आणि आपल्या मुलाला स्कूटर काढायला लावली. "बसा, बसा, बोलू नका, दम लागेल." हे बसले. डॉक्टरांच्या दाराशी पोचेपर्यंत यांना खुलासा करायची सवड मिळाली नाही, आणि डॉक्टरांना झोपेतून उठवल्यावर हिंमत झाली नाही. शेवटी यांनीच जीभ दाखवली.

तेव्हापासून रोजचंच झालं. मोगऱ्याच्या टोपल्या स्टेशनवर नेणारे, भाजी उतरवून रिकामे परतणारे, दुधाच्या किटल्यावाले, जो तो यांच्याजवळ येऊन करकचून ब्रेक लावायचा.

"काका, चालत कुठे निघालात?"

"चालत नाही, धावतोय मी."

"तेच म्हणतो. बसा ना, मी आहे की."

आणि आमचे साडू बसायचे. धावायला गेलेला माणूस घरी परत यायचा तो मागच्या सीटवरून, मांडीवर केळ्यांची फणी आणि खिशात कुणीतरी कोंबलेली सोनचाफ्याची फुलं घेऊन. घाम स्कूटरवाल्याला. "यांचा दम काही वाढत नाही," ताई म्हणाल्या, "ओळखी तेवढ्या वाढतायत."

महिना असा वाहनातून गेल्यावर साडूंनी दुकानाच्या पाट्या रंगवणाऱ्याकडून एका बनियनच्या पाठीवर लाल ऑइलपेंटने लिहून घेतलं: 'लिफ्ट नको'. तोंडाने जे जमत नव्हतं ते पाठीवर सोपवलं. युक्ती लागू पडली. स्कूटरी मागून यायच्या, पाठ वाचायच्या आणि हॉर्न वाजवून निघून जायच्या. एका सकाळी ते निर्मळच्या देवळापर्यंत आणि तिथून परत, मधे कुठेही न बसता धावले. ताईंनी शिरा केला. तो खाऊन साडू म्हणाले, "छान झालाय." ताईंनी घाबरून त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला.

त्याच आठवड्यात जुन्या सहकाऱ्याचा फोन आला. मी समोरच बसलो होतो. मुंबईचं ऑफिस बंद होतंय, चमू-बिमू काही नाही, आणि साहेबालाही घरी पाठवलं. तो सहकारी पलीकडे इतका खुशीत होता की त्याचं हसणं मला ऐकू येत होतं. मला वाटलं, आता पेढे. साडूंनी फोन ठेवला आणि बुटांच्या नाड्या सोडून पुन्हा बांधल्या.

"त्यालाही चहा दिला असेल," ते म्हणाले. "बसा म्हटलं असेल."

"अहो, मग बरंच झालं की."

"काय बरं झालं? आता पळायचं कुणाच्या पुढे?"

 

मॅरेथॉनला ते गेले नाहीत. पण पहाटेचं धावणं सुटलं नाही, आणि रसही. मध्यंतरी निर्मळच्या रस्त्याला मी सायकलवरून त्यांच्या बराच मागे होतो. बनियन धुऊन धुऊन विरलंय, पण त्या रंगाऱ्याचा रंग मात्र पक्का. अक्षरं अजून लांबून वाचता येतात. मागून एक स्कूटर आली, मोगऱ्याच्या टोपल्यांची. तिचा आवाज कानावर पडताच साडूंनी वेग कमी केला, जवळजवळ थांबलेच, आणि रस्त्याच्या कडेला सरून मान किंचित मागे वळवली.

स्कूटरवाल्याने पाठ वाचली, आदराने हॉर्न वाजवला आणि तो निघून गेला. मोगऱ्याचा वास थोडा वेळ रस्त्यावर राहिला. मग साडू पुन्हा धावू लागले.